चेपलेला काटा

मी एक जुना शिकंजा आहे. मित्रांनो, सुताराकडे असतो तेवढा दांडगा नाही. माझा जबडा बोटाच्या नखाएवढा. मला टेबलाच्या कडेला आवळायचं, जबड्यात गळ धरायचा आणि गळावर शेळीचे केस, कोंबड्याची पिसं, चमकी असं काय काय दोऱ्यानं बांधायचं. वर रोगणाचा थेंब. झाला खोटा मासा तयार. समुद्रातल्या मोठ्या माशाला तो खरा वाटतो. तो झडप घालतो आणि फसतो.

जालन्याच्या एका लेथवाल्यानं विलायती नमुना बघून मला घडवलं आणि परळीला धाडलं. परळीत समुद्र कुठला! पण बाजार खुला झाल्याचे ते दिवस होते. ज्याच्या त्याच्या तोंडी 'एक्स्पोर्ट'. राजेश्वर कापडवाल्यानं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून काम आणलं, दुकानाच्या माळ्यावर टेबलं मांडली आणि बाया बसवल्या. मुंबईवाला या वस्तूला 'फ्लाय' म्हणायचा. बायांच्या तोंडात त्याचं 'फुलं' झालं. राजेश्वरला ते सोयीचंच पडलं. तो सांगत सुटला, "गोरे लोक टोपीला लावतेत."

माझ्यावर सकाळी मालनबाई बसायची आणि दुपारी मल्लम्मा. मल्लम्मा राजेश्वरची वहिनी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. घरात अंड्याचं नाव निघालं तरी चूळ भरणारी. मालनबाई भीमनगरातली, फटकळ. पाळी बदलताना दोघींची रोज जुंपायची.

"अक्का, तुझी गंमत हाय बघ. देवाची राख कपाळाला अन् थर्मलच्या चिमणीची राख डोस्क्याला!"

"तुझ्या डोस्क्यावर काय गुलाल पडतोय व्हय गं?"

"आन् ही फुलं न्हाईत, बया. गळ हाय ह्यो. माझा बाप गोदावरीत टाकायचा."

"गप गं. भावजी खोटं सांगतेत का?"

मल्लम्मा असं म्हणायची खरं, पण गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा बोटाला लागला की तिचा हात थबकायचा. टोपीच्या फुलाला उलटा काटा कशाला? हा प्रश्न तिला पडला होता. तिनं तो विचारला नाही. विचारला असता तर उत्तर मिळालं असतं आणि मग काम सोडावं लागलं असतं.

एकदा मुंबईचा साहेब माल बघायला आला. लांब लवचिक काठी घेऊन त्यानं सगळ्यांना नागापूरच्या धरणावर नेलं. जागच्या जागी दुरुस्ती करता यावी म्हणून मलाही नेलं आणि जीपच्या मागच्या फळीला आवळलं. साहेबानं मल्लम्मानं बांधलेलं फूल दोरीला लावलं. काठी पुढं, मग मागं, परत पुढं. दर हेलकाव्याला दोरी हवेत लांबत गेली आणि फूल दूर पाण्यात अलगद उतरलं. मग तो दोरी थोडी ओढायचा, थोडी सोडायचा. फूल पोहायला लागलं! केस कल्ल्यांसारखे उघडायचे, मिटायचे. चमकी खवल्यांसारखी लकाकायची.

"अगं बया! जित्तं झालं की!" मल्लम्मानं लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

त्याच टाळीत पाणी फुटलं. ही मोठी मरळ. साहेबानं ती ओढून काठावर घेतली. जबड्यातून गळ आरपार, आणि उलट्या काट्यानं तो सुटता सुटेना. मल्लम्माचे हात टाळीसाठी जोडलेले, तसेच राहिले.

काम तर तिला सोडवेना. दुसऱ्या दिवसापासून तिनं एक उद्योग सुरू केला. गळ घ्यायचा, उलटा काटा माझ्या जबड्यात धरायचा, स्क्रू करकचून आवळायचा. काटा चेपून सपाट. मग त्यावर केस बांधायचे. मासा अडकलाच तर झटका देऊन सुटेल, असा तिचा हिशेब. प्रत्येक काट्याला ती पुटपुटायची, "सूट रे बाबा, सूट." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग मुंबईहून माल परत आला. काटे चेपलेले, मासे सुटतात! गळाला ओरखडा माझ्या खाच पडलेल्या जबड्याचा. म्हणजे काम या टेबलाचं. दोघींपैकी एकीचं. राजेश्वरनं मल्लम्माकडं बघितलंसुद्धा नाही.

"मालन, ह्ये तुझंच काम. वयनीला काय कळतंय काट्यातलं? मासे खाणाऱ्यालाच काटा कळतो."

"मी न्हाई केलं. माझ्या लेकरायची आण."

"मागं रोगणाच्या वासानं डोकं दुखतंय म्हणून खिडकी मागितली, मी न्हाई म्हनलो. त्याचा सूड घेतलास. ऊठ, चालती हो!"

मालनबाईनं मल्लम्माकडं पाहिलं. मल्लम्मा माझा स्क्रू पिळत होती. इतका पिळला की गळ मोडतो की काय असं मला वाटलं. ती बोलली नाही. मला जबडा आहे, जीभ नाही. तिला तर होती! मालनबाई जिना उतरून गेली.

मी स्पष्टच सांगतो. त्या बाईला सात समुद्रांपलीकडच्या माशांची दया आली, आणि हातभरावर बसणाऱ्या मालनची आली नाही. पुढं तर तिनं काटे चेपणंही भीतीनं सोडलं. म्हणजे मासेही मेले आणि मालनही गेली.

पण तिला अन्न गोड लागेना. दिवाळी उलटल्यावर ती खाली दुकानात गेली आणि राजेश्वरला सगळं खरं सांगितलं. तो हसला. "वयनी, तुमचं मन लई मऊ. कशाला तिचं पाप अंगावर घेता?" बघा, मित्रांनो. एकीचं खरं पटलं नाही कारण ती भीमनगरातली, आणि दुसरीचं पटलं नाही कारण ती घरची!

तेव्हा मल्लम्मानं मला टेबलावरून सोडवलं, पदराखाली घेतलं आणि मालनबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मालन, काटे मीच चेपले गं."

"ठावं हाय मला."

"मग बोलली कावून न्हाईस?"

"बोलले आस्ते तर ऐकलं कुनी आस्तं?"

"माफ कर मला."

"माफी न्हे तुझी घरी. दीर तर तुझाच हाय, त्याला सांगून काय फायदा? जितं माझं नाव घाण झालं तितं सांग. बायांच्या म्होरं."

दुसऱ्या दिवशी माळ्यावर सगळ्या बाया असताना मल्लम्मानं मला मधल्या टेबलाला आवळलं, एक गळ धरला आणि सगळ्यांदेखत त्याचा काटा चेपला. "हे मी करत हुते. मालननं न्हाई. मी गप बसले."

खालून राजेश्वर ओरडला, "वयनी, खाली या!" ती हलली नाही.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सारजाबाईनं हातातला दोरा खाली ठेवला. "आन् येवढे दिवस कुठं गेलतीस, अक्का?"

मालनबाई कामाला परत आली नाही. मल्लम्माही त्या दिवसानंतर माझ्यावर बसली नाही. पुढं ऑर्डरी आटल्या आणि मी माळ्यावरच राहिलो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल घाला. मला तेल नको. गंजतोय, गंजू द्या. पण तुम्ही केलेल्या गोष्टीसाठी दुसऱ्या कुणाला उठवून हाकलत असतील, तर ते माणूस रस्त्याला लागायच्या आत बोला. नंतर बोललात तर माणसं ऐकतील, पण गेलेलं माणूस परत येणार नाही.