नऊवारी अधिक पाचवारी

अटलांटाजवळच्या अकरा कॅम्पग्राउंडनी आमच्या चाळीस फुटी आरव्हीला, म्हणजे चाकांवरच्या घराला, नकार दिला होता. बाराव्याचा मॅनेजरही म्हणाला, "ही जागा पस्तीस फुटांचीच." म्हणजे मुक्काम पार्किंग लॉटमध्ये.

सुनेत्रामावशी, निवृत्त भूलतज्ज्ञ, शांतपणे उतरली. बॅगेतल्या नऊवारीला तिने पाचवारी बांधली. "सत्तावीस अधिक पंधरा फूट, गाठीचे दोन वजा."

"मावशी, टेप आणू?"

"गप रे. त्याला पदर धरायला सांग."

मॅनेजरने निमूट पदर धरला. साडी विजेच्या खांबापासून निघाली, मागच्या पाइनच्या झाडाजवळ संपली आणि झाडापर्यंत आणखी वीतभर जागा उरली. त्याने पाटीवरचे पस्तीस खोडून चाळीस लिहिले.

मावशीने एका दमात आरव्ही रिव्हर्स घेऊन लावली. मी थक्क.

"बघतोस काय? घड्या घाल साड्यांच्या."