लक्ष्म्या बसल्या त्या दिवशीचा हप्ता

बिनव्याजी दिवस कसे असतात असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, फार छान असतात. अंगाला हलके लागतात. एका वर्षी मी असे सहा महिने काढले, आणि त्या सहा महिन्यांत मी अर्धी झोपेतच वावरत होते असं आता वाटतं.

झालं होतं असं. औरंगाबादला बी. फार्म. केलं, पण फी थकली आणि कॉलेजने माझी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवली. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तिथेच एक टायवाला क्रेडिट कार्डाचे फॉर्म घेऊन उगवला. कार्डावर कॉलेजच्या नावाने तीस हजारांचा ड्राफ्ट, सहा हप्ते, व्याज शून्य. एक हप्ता एक दिवस जरी चुकला, तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज. ही अट त्याने तोंडातल्या तोंडात उरकली. मी मात्र ती चार वेळा वाचली, सही केली आणि कागदपत्रं सोडवून आणली.

मग मी स्वप्नं बघायला मोकळी झाले. चौघींच्या खोलीत माझी खाट दाराशी होती, येणारी-जाणारी प्रत्येक जण तिला धडकायची. मंठा रोडला मी एक खोली बघून ठेवली होती. पूर्वेला खिडकी, खिडकीत लिंबाची फांदी. हप्ते फिटले की पहिला अख्खा पगार माझा, त्यातून डिपॉझिट. मालकीण म्हणाली होती, पंधरा तारखेपर्यंत थांबते, पुढे नाही. लॅबमध्ये ओल्या कागदावर कपाशीचं बी मांडता मांडता मी त्या खिडकीत जाऊन बसायचे. ऊन यायचं, चहा निवायचा, कुणी हाक मारायचं नाही. शेजारच्या टेबलावरचा संपत म्हणायचा, "गिरिजाबाई, या वापस जालन्याला." मला त्याचा भयंकर राग यायचा.

पाच हप्ते पगारातून गेले. सहाव्याची तारीख महिन्याच्या सुरुवातीला, मागचा पगार संपलेला, आणि पुढचा दहाला. वडिलांना, आबांना हे कळलं तसं ते म्हणाले, "शेवटचा माझा." त्यांनी भोकरदनच्या बाजारात चार कोकरं विकली. मी महालक्ष्म्यांसाठी घरी, धावड्याला आले होते. हप्त्याची शेवटची तारीख नेमकी पूजनाच्या दिवशी होती. दहाची गाडी धरली की एकपर्यंत जालना, बँकेचा काउंटर तीनपर्यंत. सगळं बसत होतं.

त्या सकाळी घरभर धूप कोंडला होता. दोघी लक्ष्म्या नव्या लुगड्यांत उभ्या होत्या, आणि धुरातून त्यांचे मुखवटे मधूनच हसल्यासारखे दिसत होते. मी बघतच राहिले. खिडकी, लिंबाची फांदी, पितळी मुखवटे, सगळं एकमेकांत मिसळत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. भानावर आले तेव्हा साडेनऊ झाले होते.

"आबा, पैसे द्या. गाडी येईल."

आबांनी नजरेनेच दाखवलं. लक्ष्म्यांपुढे गव्हाची रास होती, राशीवर नोटा, नोटांवर हळदकुंकू.

"लक्ष्म्या बसल्यात बाई," माय चुलीपासून म्हणाली. "आज घरातला पैसा भाईर जात न्हाई. उद्या त्या उठल्या की जल्दी घिऊन जा."

माझं डोकंच फिरलं. "माय, बँकेला लक्ष्म्या कळत न्हाईत! आबा, तुम्ही तरी सांगा."

"तारीख आजची हाये हे मला कुठं ठाऊक," आबा टोपी खालीवर करत म्हणाले. "मी काल आल्तो अन् हिच्या हातात दिले."

माय पदराला हात पुसत आली. तिने गव्हातली एक नोट सरळ केली.

"तुझी फी दर साली ह्याच दिवसांत यायची," ती म्हणाली. "चार वर्सं मी द्वारकाबाईकडून आदल्या दिवशी दहाची नोट उसनी आणली, इथं ठिवली, अन् लक्ष्म्या उठल्यावर वापस केली. आवंदा आपला पैसा हाये."

यात तक्रार नव्हती. ती आनंदात होती, हेच मला सहन होईना. चारही वर्षं मी इथेच जेवले होते, पुरणपोळीवर तूप मागून घेतलं होतं, आणि त्या राशीवर नोट कुणाची आहे हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सहा महिन्यांचं व्याज किती लागेल हे मला तोंडपाठ होतं. वरचा दंड धरला तर जवळजवळ आणखी एक हप्ता. डिपॉझिट त्यातच जाणार होतं, आणि खोलीही.

"एका दिवसानं काही व्हतं का गं?" मायने विचारलं. आता तिच्या आवाजात थोडी भीती होती.

"न्हाई माय," मी म्हणाले. "बिलकुल काही व्हत न्हाई."

आणि पाट्यापाशी पुरण वाटायला बसले.