बोट खालून बघणारा माणूस

धाकटी बोट घेतली गेली, तर जयवंताला बसून काम मिळणार होतं. त्याचा फायदा एवढाच. पगार म्हणाल तर उसाच्या पाण्याच्या मोटारी ओढून मिळत होता तेवढाच, वर दुपारचं जेवण. पण बसून. चोपन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कामातून गेलेल्या माणसाच्या लेखी 'बसून' या शब्दाचा भाव काय असतो, ते धडधाकट गुडघेवाल्याला कळायचं नाही.

गोव्यात खाडीकाठच्या एका आवारात दोन बोटी चाकांच्या सांगाड्यांवर उभ्या होत्या. एक चोवीस फुटी, एक सोळा फुटी. मारुतीराव शिडीवर चढून त्या वरून बघत होते. गादी दाबत होते, पांढऱ्या रंगावरून हात फिरवत होते, निळे दिवे लावून विझवत होते. जयवंता खाली, बोटीच्या पोटाशी वाकून, तळापासून पंख्यापर्यंतचं अंतर वितीनं मोजत होता. वरून बघणारा आणि खालून बघणारा यांचं एकमत होणं तसं अवघडच असतं.

मारुतीराव मूळचे कंग्राळीचे. बेळगाव वाढत वाढत त्यांच्या शेतापर्यंत आलं, शेताचे प्लॉट झाले, आणि त्या पैशातून त्यांनी संकेश्वरच्या पुढं धरणाच्या फुगवट्याकाठी पाच एकर घेतली. सहा खोल्या, झोपाळे, तांबडा-पांढरा रस्सा. पोरगा साईराज याचं म्हणणं पडलं, की पाण्याकाठी हॉटेल आणि पाण्यावर काही नाही, हे बरं दिसत नाही. म्हणून बोट. आणि इंजिनातलं कळणारा ओळखीचा माणूस जयवंता, म्हणून जयवंता.

चौतीस वर्षं तो त्या फुगवट्याकाठी ऊसवाल्यांच्या मोटारी दुरुस्त करत होता. दुरुस्त करण्याहून जास्त वेळा त्यानं त्या ओढल्या होत्या. पाणी मागं सरलं की मोटर पुढं न्यायची, पाईप जोडायचे, पाईपच्या तोंडाचा फुटव्हॉल्व्ह पाण्यात बुडवायचा. पंधरा दिवसांनी पाणी पुन्हा मागं. हा पाठलाग दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि मृगात संपायचा. गुडघे गेले ते याच्यातच.

बोटी विकून देणारा दलाल माणूस हुशार होता. त्यानं सरळच सांगितलं, की सोळा फुटी घेतली तर चार दिवस शिकवून चालवायचा कागद करून देतो, हा तुमचा मेस्त्रीच चालवील. चोवीस फुटीला मात्र मुरलेला माणूस लागतो, तोही आपणच देऊ. म्हणजे एका बोटीत जयवंताची नोकरी होती आणि दुसरीत दलालाच्या मेहुण्याची. दलालानं मेहुण्याचं नातं बोलता बोलता गिळलं, ते पुढं कळलं.

दोन्ही बोटी पाण्यात सोडून फेरी मारून झाली. मोठीत मारुतीराव या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, तरी ती जागची हलली नाही. धाकटीत त्यांनी नुसता उजवा पाय ठेवला आणि ती उजवीकडं कलली. वर वळणावर पाणी उडालं ते नेमकं त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर. एकशेपाच किलोच्या माणसाला त्याचं वजन चारचौघांत सांगणारी वस्तू, ती त्यानं पैसे मोजून घरी न्यावी, ही अपेक्षाच जास्त झाली.

दुपारी खानावळीत माशाचं ताट समोर आलं, तेव्हा मारुतीरावांनी जयवंताला विचारलं. जयवंतानं भात कालवायचा थांबवला.

"अण्णा, धाकटी घ्या. मोठीचा पंखा पाण्यात चार विती खाली राहतोय. जानेवारी लागली की आपल्या काठाला तेवढं पाणीच नसतंय. धाकटीचं इंजिन वर उचलता येतंय. चार गड्यांनी ढकलली की चालली."

"पाणी नसतंय म्हंजे? परवा बघितलं न्हवं? पार पायरीला लागलंय."

"परवा भाद्रपद हुता, अण्णा."

मग जयवंतानं आपल्या भाषेत हिशोब सांगितला. दिवाळीला मोटरीपासून पाण्यापर्यंत एक पाईप लागतो. संक्रांतीला बारा. होळीला चाळीस, कधी पंचेचाळीस. एक पाईप वीस फुटांचा. मधल्या उघड्या गाळात लोक हरभरा पेरतात. मारुतीरावांनी मान डोलावली, पण जन्मभर गुंठ्यात मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात पाईप काही बसले नाहीत.

त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. थोरली लेक दिपाली निपाणीला तंबाखूवाल्यांच्या घरात दिलेली. दिवाळीला व्याह्यांकडची चौदा माणसं हॉटेल बघायला येणार होती. धाकटीत पाच बसतात. पहिल्या खेपेला बसवायचं कुणाला? व्याह्यांना बसवावं तर त्यांचे थोरले भाऊ काठावर. थोरल्यांना बसवावं तर विहीणबाई काठावर. दिपालीच्या लग्नात पहिल्या पंगतीत व्याह्यांच्या मावशीला पाट कमी पडला होता. सात वर्षं झाली, तो पाट दिपालीला अजून दर सणाला ऐकायला मिळतो. हसण्यासारखं वाटेल, पण ज्याची लेक दिलेली असते त्याला हसू येत नाही.

साईराज इतका वेळ फोनवर दोन्ही बोटींचे फोटो बोटांनी मोठे करून बघत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काका, राग मानू नका. पण धाकटी घेतली की तुमाला नोकरी लागती. मग तुमी मोठी घ्या असं कसं म्हणणार?"

मारुतीरावांनी पोराला दटावलं नाही. म्हणजे विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता.

जयवंताला राग आला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. चौतीस वर्षांत फुगवट्याकाठच्या एकाही माणसानं त्याच्या शब्दावर शंका घेतली नव्हती. वायंडिंग जळालंय म्हटलं की जळालेलं असायचं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "मग मला नोकरी नको. दुसरा कोण बी माणूस ठेवा. पण बोट धाकटी घ्या."

"बघ बरं. शब्द दिलास," मारुतीराव म्हणाले.

"दिला."

त्याचा हिशोब साधा होता. काट्यावरचा हात काढून घेतला, की माप खरं आहे हे गिऱ्हाईकाला पटतं. चुकलं ते इथंच. मारुतीराव कालपासून अडले होते ते एकाच गोष्टीला. मोठी घेतली तर जयवंताला काय तोंड दाखवायचं? माणूस इतक्या लांब आपल्याबरोबर आला, त्याच्या पोटावर कसा पाय द्यायचा? धाकटीच्या पारड्यात एवढं एकच वजन होतं, आणि ते जयवंतानं आपल्या हातानं उचलून बाजूला ठेवलं. सोलकढी पिऊन होईपर्यंत चोवीस फुटीचा सौदा ठरला. बाहेर पडताना मारुतीरावांनी मोठ्या मायेनं जयवंताच्या पाठीवर हात ठेवला. एवढे मोकळे ते दोन दिवसांत दिसले नव्हते.

चोर्ला घाटातून परत येताना जयवंता मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून होता. साईराजनं बोटीला नाव सुचवायला सांगितलं, तेव्हा झोप लागल्याचं सोंग त्यानं बरं वठवलं.

घरी बायकोनं, गुणाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विचारलं, "तुमचं खरं हुतं ते नोकरीसकट खरं न्हवतं व्हय?"

जयवंता उठला आणि धुतलेला फुटव्हॉल्व्ह परत धुवायला घेतला.

दिवाळीत मोठ्या बोटीनं नाव काढलं, हेही मांडायला हवं. चौदाच्या चौदा माणसं एका खेपेत बसली. मावशीबाईंना सगळ्यात पुढची गादी मिळाली. कुणी रुसलं नाही. निपाणीला परतल्यावर दिपालीचा फोन आला, तेव्हा ती रडत होती म्हणे, आनंदानं. मारुतीरावांनी पेढे वाटले. त्यातले दोन जयवंताच्या घरीही आले.

संक्रांतीच्या आठवड्यात बोटीचा पंखा पहिल्यांदा खाली घासला. दुसऱ्यांदा घासला तेव्हा त्याचं एक पातं उडालं. दलालाच्या मेहुण्यानं पंखा बदलून घेतला, चार दिवस काठावर बसून पाणी मागं जाताना बघितलं, आणि गोव्याला सीझन आहे असं सांगून तो बॅग घेऊन गेला. फेब्रुवारीच्या मध्याला सकाळी मारुतीरावांचा फोन आला. आवाजात रुबाब नव्हता.

जयवंता ट्रॅक्टर, सहा गडी आणि फळ्या घेऊन पोचला. बोट गाळात एका कुशीवर पडली होती. तिच्या पुढं काठच्या मष्णू नावाच्या शेतकऱ्याचा हरभरा होता, गुडघ्याएवढा, घाट्यांनी भरलेला, आणि पाणी हरभऱ्याच्या पलीकडं. मष्णू बांधावर हात बांधून उभा होता. जयवंतानं आधी त्याच्याशी बोलणं केलं. किती ओळी मोडतील त्या मोजून दाखवल्या, आणि भरपाई मारुतीरावांकडून आजच्या आज देवविली. मग त्यानं बोटीखाली फळ्या सरकवल्या, दोर बांधला, आणि दुपारपर्यंत चोवीस फूट लांबीचं ते पांढरं धूड हातहात पुढं सरकत राहिलं. इतकी वर्षं मोटारी सरकवल्या तसंच. फक्त मोटर ओढली की पुढं ऊस भिजतो.

मारुतीराव धोतर खोचून चिखलाच्या कडेला उभे होते. साईराज फोन खिशात ठेवून फळ्या उचलत होता, हे त्याच्या बाजूनं लिहायला हवं.

"परत कधी ओढाय लागंल?" मारुतीरावांनी विचारलं.

"पंधरा दिसांनी. मग परत पंधरा दिसांनी. मृगापतुर."

मारुतीरावांनी धोतराचा सोगा परत खोचला. मग म्हणाले, "जयवंता, त्या दिवशी तू जरा रेटून सांगाय पायजे हुतंस. नोकरी नको म्हणालास, मला वाटलं तुझाच जीव न्हाय त्या धाकटीत."

गड्यांनी काम थांबवलं. साईराज दुसरीकडं बघू लागला. जयवंताच्या तोंडाशी जे आलं होतं ते चौतीस वर्षांचं होतं, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत होतं. ते त्यानं गिळलं.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "चुकलं."

मारुतीरावांचा चेहरा सैल झाला. दोन बोटींमधल्या त्या निवडीचा हिशोब इथं पुरा झाला. बोटीचे पैसे मारुतीरावांनी भरले. दलाली गोव्यात राहिली. निपाणीत दिपालीचा सण गोड झाला. मोडलेल्या ओळींचे पैसे मष्णूला मिळाले. चूक तेवढी कुणाच्या तरी नावावर मांडायची राहिली होती, ती जयवंतानं आपल्या नावावर घेतली, लेंगा मांडीपर्यंत दुमडला, आणि ट्रॅक्टरवाल्याला हळू घे म्हणून हाताची खूण करून तो पुन्हा चिखलात उतरला.