पाखरांचा वाटा

नीलचं बारसं न्यूझीलंडमधल्या टौरंगाला झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. बारशासाठी म्हणून विश्वनाथ आणि मंदा आजऱ्याजवळच्या गावाहून लेकाकडे आले, ते मग राहिलेच. सुशील म्हणाला, "आता तिकडं कुणासाठी जाताय?" तेवढ्यात सून विनयाने तान्हा नील मंदाच्या मांडीवर दिला, आणि प्रश्न तिथंच मिटला.

बारशाला शेजारच्या घरातून एक म्हातारी केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आली. डोक्याला रुमाल, अंगाने काटकुळी, चेहरा हसरा. विश्वनाथने आधी तिचे पाय पाहिले. फाकलेली बोटं, भेगा पडून पडून दगडासारख्या झालेल्या टाचा.

"ही बाई भातशेतीतली आहे," तो मंदाच्या कानात म्हणाला.

"लोकाच्या बायकांचे पाय कशाला बघताय वं," मंदा म्हणाली. पण मग तिनेही बघितले, आणि म्हातारीला ओढून आपल्या शेजारी बसवलं.

तिचं नाव पार्तीनी. जावा बेटावर एका ज्वालामुखीच्या उतरणीला तिचं गाव. नवरा वारल्यावर मुलगी वुलान तिला इकडे घेऊन आली होती. वुलान किवीफळं भरायच्या पॅकहाउसमध्ये कामाला जायची. मंदाने पहिल्याच दिवशी पार्तीनीची पार्वतीबाई केली, आणि तिनेही ते नाव हसत हसत घेतलं.

बोलणं मात्र मोठ्या वळशाने चालायचं. पार्तीनी जावाच्या भाषेत सांगायची, वुलान ते इंग्रजीत करायची, आणि सुशीलची आठ वर्षांची जुई ते आजी-आजोबांपर्यंत पोचवायची. जुईला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायची. तिचं भाषांतर म्हणजे अर्धी इंग्रजी आणि बाकी हातवारे. तरीही चहा निवेपर्यंत एका गावची गोष्ट दुसऱ्या गावात जाऊन पोचलेली असायची.

पार्तीनीच्या गावात डोंगर उतरत येईल तशी पायऱ्यापायऱ्यांची खाचरं होती. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात यायचं. पाण्याची पाळी लावून द्यायला गावाने एक माणूस नेमलेला. त्याच्याशी भांडायचं नाही, निदान आपल्या वाफ्यात पाणी येईपर्यंत तरी नाही. घरांना बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, खाली चोपलेली माती. लावणीला आज याच्या शेतात सगळ्यांनी जायचं, उद्या त्याच्या. मजुरी नाही, ज्याचं शेत त्याच्या घरचं जेवण. भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या की शेतावरून दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना पत्र्याचे डबे बांधायचे. मचाणावरून कुणी एक दोरी हिसडली की सगळं शिवार खणखणायचं.

"लावणीची ती रीत म्हणजे आमची इर्जिकच की," विश्वनाथ म्हणाला. "आणि पाण्यावरची भांडणं तर आमचीच."

एक गोष्ट मात्र आजऱ्यात नव्हती. पार्तीनीच्या गावात नव्या भाताच्या दोन लोंब्या तांदळाच्या कणगीवर टांगायचे. एक नवरी, एक नवरा. त्या नसतील ते घर नुसतं छप्पर. तिच्या आईने त्या वर्षानुवर्षं टांगल्या होत्या. पार्तीनीला घरची कर्ती बाई होऊन ते करायचा योग कधी आलाच नाही. आता छातीचं दुखणं जडलेलं, डॉक्टर विमानात बसू देत नव्हते. "एकदा. माझ्या हाताने. वुलानच्या घरात," एवढं तिने स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्याला ना वुलानची गरज पडली, ना जुईची.

विश्वनाथने त्या रात्री मंदाला सांगून टाकलं, "बाईला भात पिकवून द्यायचं."

"कुठं? या गॅलरीत?"

विश्वनाथचा पुतण्या शुभम इथल्याच पामर्स्टन नॉर्थला शिकत होता. तिथल्या ओळखीतल्या एकाने थंडीत तग धरणारं भात हौसेने लावलं होतं. त्याच्याकडून शुभमने मूठभर बियाणं आणून दिलं. रस्त्याच्या टोकाला राहणारा वायरेमू नावाचा माओरी म्हातारा, त्याच्या आवारात प्लास्टिकचं एक रिकामं हरितगृह होतं, आणि एके काळी गुरांना पाणी प्यायला ठेवलेले जुने बाथटब होते. टब आत ओढले, माती भरली, पाणी सोडलं. आता चिखलणी करायची, तर बैल कुठून आणायचे? मग विश्वनाथने पँट गुडघ्यावर घेतली, पार्तीनीने लुंगी खोचली, जुई पोहायचे कपडे घालून आली, आणि एकेक टब एकेकाने तुडवायला घेतला.

"बाबा, लोक बघतायत," सुशील म्हणाला.

"बघू देत. त्यास्नी पण यायचं असंल तर सांग."

लोक म्हणजे एकटा वायरेमूच होता, आणि त्याला खरंच यायचं होतं. गमबूट काढून तो टबात उतरला आणि घोट्यावर चिखल गेल्यावर लहान पोरासारखा हसला.

तरव्याची रोपं टबांत लागली. इकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या उन्हाळ्यात प्लास्टिकच्या आत भात पोटरीला आलं, निसवलं, मार्चअखेर पिवळं पडायला लागलं. दार उघडं राहिलं की चिमण्या आत शिरायच्या. जुईने घरातले सगळे रिकामे डबे दोऱ्यांना बांधले, आणि शाळेतून आली की आधी तिकडे जाऊन खणखणाट करायची. पार्तीनी रोज येऊन लोंब्या हातावर घ्यायची आणि म्हणायची, "अजून नाही."

एप्रिलमध्ये तिची छाती पुन्हा भरली आणि तिला दवाखान्यात ठेवलं. पॅकहाउसचा हंगाम चालू, त्यामुळे वुलान कामावरून दवाखान्यात आणि दवाखान्यातून कामावर. त्यातच वादळाचा इशारा आला. सकाळी विश्वनाथ पाहायला गेला, तर वाऱ्याने प्लास्टिक एका बाजूने फाडलेलं आणि पिकलेलं भात मान टाकून झुलत होतं.

आजऱ्यात रीत अशी, की ज्या घरात दुखणं त्या घरचं पीक गावाने न सांगता कापायचं आणि दारात आणून रचायचं. विचारायचंसुद्धा नाही, कारण विचारलं की माणूस संकोचाने नको म्हणतो. विश्वनाथने गावाहून आणलेला विळा काढला. विमानतळावर हाच विळा त्याने अधिकाऱ्यासमोर धरून "भात, भात" असं समजावलं होतं, आणि सुशीलने तेव्हा तोंड फिरवून घेतलं होतं.

मंदा मदतीला आली. तो कापत गेला, ती पेंढ्या बांधत गेली. शेवटच्या टबात नळाच्या बाजूला त्याने भाताचा एक झुपका तसाच उभा ठेवला.

"ते कशाला ठेवलं?"

"पाखरांचा वाटा. शेत भुंडं करत नाहीत."

"अवो, अंघोळीच्या टबाला कसला आलाय पाखरांचा वाटा? दोन महिने डबे वाजवून हाकलली, आणि आता पंगत वाढताय."

"हाकलायचं ते हाकलायचं, वाढायचं ते वाढायचं," विश्वनाथ म्हणाला. कापलेल्यातल्या दोन भरगच्च लोंब्या त्याने आठवणीने वेगळ्या काढल्या आणि कागदात गुंडाळून पेंढ्यांवर ठेवल्या. पार्वतीबाईला टांगायला. मग सगळ्या पेंढ्या पार्तीनीच्या मागच्या दाराशी पडवीत नीट रचून ठेवल्या.

वादळ आलं आणि गेलं. पार्तीनी घरी आली ती दोन दिवसांनी. विश्वनाथ कुंपणाशी उभा होता, शाबासकी घ्यायला म्हणा ना. तिने पेंढ्या बघितल्या. बुडखे हातात घेऊन काप पाहिला, तिरका, विळ्याचा. मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी वुलान आली. ती रागावलेली नव्हती, पण ओशाळली होती. तिने सांगितलं ते जुईने सांगितलं, आणि जुईने त्या दिवशी हातवारे केले नाहीत.

जावात मुसलमान घरांतही भात म्हणजे देवी. तिला मोठं पातं दिसलं की ती भिते. म्हणून पहिली लोंबी खुडायची ती तळहातात लपेल अशा छोट्या सुरीने, घरच्या बाईने, उभ्या पिकातून. आधी नवरी-नवरा, मग बाकीचं शेत. पार्तीनी पंधरा-सोळा वर्षांची असताना गावात बुटक्या भाताचं नवं बियाणं आलं. पीक वाढलं, पण ताटं इतकी आखूड की सुरीने एकेक लोंबी खुडणं जमेना. मग व्यापारी बाहेरून विळेवाले गडी घेऊन आले. गावच्या बायका टोपल्या घेऊन बांधावर उभ्या राहिल्या, आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या. त्यानंतर त्यांना कापणीला कुणी बोलावलं नाही. पार्तीनीच्या आईनेही लोंब्या टांगणं सोडलं.

"मी पण विळाच घेऊन गेलो की," विश्वनाथ म्हणाला.

"पार्वतीबाई नमाज पण करते आणि देवीला पण दुखवत नाही," मंदा म्हणाली. "माणसानं असंच दोन्हीकडं सांभाळून असावं. तुम्हीच आधी विचारायला पाहिजे होतं."

"विचारायचं नसतं म्हणून तर न्हाई विचारलं."

"ते आजऱ्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं. पार्तीनी वुलानचा हात धरून हळूहळू वायरेमूच्या आवाराकडे निघाली. रिकामे टब तरी बघावेत म्हणून. विश्वनाथ, मंदा आणि जुई मागून गेले, जरा अंतर ठेवून. देवळात चोरी झाल्यावर पुजाऱ्यामागून जावं तसे.

टबांमधून नुसते खुंट दिसत होते. पार्तीनी एकेका टबाच्या कडेवरून हात फिरवत शेवटपर्यंत गेली आणि थांबली. नळाच्या बाजूला झुपका उभा होता. फाटक्या प्लास्टिकमधून चिमण्या येऊन गेल्या होत्या, बऱ्याच लोंब्या पोकळ झाल्या होत्या. पण सगळ्या नाही.

"हे कुणी ठेवलं?" तिने विचारलं.

जुईने तोंड उघडायच्या आत विश्वनाथ पुढे झाला. "बर्ड," तो म्हणाला. "बर्डचा वाटा." मग जुईकडे वळून, "सांग तिला, आमच्याकडं सगळं कापत न्हाईत."

जुईने सांगितलं, वुलानने सांगितलं. पार्तीनी ऐकत गेली, आणि मग तिच्या डोळ्यांतून हसू सुरू झालं ते पोटापर्यंत गेलं. खोकला आला, तरी हसतच होती. ती काहीतरी बोलली, ते जुईपर्यंत यायला वेळ लागला, कारण मध्ये वुलानच हसत बसली.

"शी सेज, आबा डबे पण वाजवतात आणि बर्ड्सना लंच पण ठेवतात. शी सेज, हा माणूस कोणाच्या टीममध्ये आहे?"

"हेच मी म्हणत होते," मंदा म्हणाली. "पार्वतीबाई, आता तुम्हीच विचारा."

पार्तीनीने डोक्याच्या रुमालाच्या गाठीतून काहीतरी सोडवलं. बांबूच्या पेराएवढं लाकूड, त्यात बसवलेलं नखासारखं पातं. आईची सुरी. पण ती लगेच वाकली नाही. तिने विश्वनाथकडे पाहिलं. हा वाटा पाखरांचा आहे, त्यांना कोण विचारणार?

"पाखरांना मी सांगतो," विश्वनाथ म्हणाला. "त्यांचं माझं बघून घेऊ आम्ही."

मग पार्तीनीने हात लोंबीमागे नेला. सुरी दिसलीच नाही. फक्त बोटं मिटली आणि उघडली, आणि लोंबी तिच्या हातात आली. दुसरीही तशीच.

"लग्न आहे तर अशा उघड्या न्यायच्या?" मंदा म्हणाली. तिने पदराचा एक धागा ओढला, दाताने तोडला, आणि दोन्ही लोंब्यांना चिमुकल्या मुंडावळ्या बांधल्या. पार्तीनीने नीट निरखून पाहिल्या आणि मान हलवली. चालतील.

घरी नेताना वर छत्री धरायची, आणि लोंब्या टांगून होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत. छत्री विश्वनाथकडे आली. मागे वुलान, मग जुई, शेवटी तोंड घट्ट मिटून मंदा. जुईच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, ओल्या होत्या, त्या प्रत्येक पावलाला चूं करत होत्या, तेव्हा तिने त्या काढून हातात घेतल्या. फाटकाशी वायरेमूने "किया ओरा" म्हणून नमस्कार केला, कुणीच उत्तर दिलं नाही, पण छत्री बघून त्याने टोपी काढली आणि तोही मागून चालू लागला. कोपऱ्यावरच्या डेअरीची, म्हणजे किराणा दुकानाची, मालकीण पायरी झाडत होती. "हाऊ आर यू, मंदा?" ती म्हणाली. या प्रश्नाचं उत्तर मंदाने सुनेकडून शिकून घेतलं होतं आणि ते कुणालाही द्यायला ती एका पायावर तयार असायची. ते आता ओठांपर्यंत आलं. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि पुढे गेली. विश्वनाथची छत्री हसण्याने गदगदा हलत होती.

वुलानच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर एक खिळा आधीच ठोकलेला होता. भात लावलं त्याच आठवड्यात पार्तीनीने तो ठोकून घेतला होता. तिने लोंब्या टांगल्या, दोन पावलं मागे सरली, आणि खुर्चीवर बसून म्हणाली, "आता बोला."

"गुड, थँक यू," मंदा म्हणाली.

रविवारी पेंढ्या झोडपल्या, भात कांडलं. तांदूळ निघाला तो वुलानने हळद आणि नारळाच्या दुधात शिजवला, आणि पार्तीनीने त्याचा डोंगर रचला, तिच्या गावामागच्या डोंगरासारखा निमुळता. सुशील, विनया, वायरेमू, डेअरीवाली, सगळे जमिनीवर मांडी घालून बसले. विनयाने नीलच्या जिभेवर भाताचं एक शीत ठेवलं. त्याने ते बराच वेळ चघळलं आणि आणखी मागितलं.

जेवण झाल्यावर पार्तीनीने झोडपायच्या आधी वेगळी ठेवलेली एक पेंढी विश्वनाथपुढे ठेवली. कापणाऱ्याचा वाटा. तो नको म्हणायला लागला, तेव्हा वुलानने सांगितलं, की गावात हा वाटा नाकारणाऱ्याला पुढच्या हंगामाला बोलावत नाहीत. विश्वनाथने पेंढी उचलून कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती वायरेमूच्या कुंपणाला उलटी टांगली. दुपारपर्यंत सगळ्या आळीतल्या चिमण्या तिच्यावर लोंबकळत होत्या, आणि जुई डबे न वाजवता शेजारी बसून त्या मोजत होती.

त्यानंतर आणखी एक पीक आलं. त्या खेपेला पार्तीनीने उभं राहून पहिली लोंबी खुडली, मग विश्वनाथकडे वळून विळ्याची खूण केली, आणि बाकीचं भात त्याने कापलं. नळाच्या बाजूचा झुपका कोणी ठेवायचा यावरून दोघांचं थोडं झालं. शेवटी दोन ठेवले.

नीलला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, २०२४ सालच्या जुलैमध्ये, एका गुरुवारी सकाळी पार्तीनी टौरंगाच्या दवाखान्यात वारली.