उजवं कुणाचं?

पिराजी हवालदार पेन्शन घेऊन कसबा बावड्यात परत आला, तेव्हा त्याच्याजवळ एक ट्रंक, एक छत्री आणि एक आवाज होता. ट्रंक आणि छत्री घरात मावली. आवाज काही मावेना. बेळगावच्या लष्करी सेंटरात सतरा वर्षं ड्रिल उस्ताद होता तो. "चहा!" म्हणून नुसता हुकूम सोडला तरी शेजारच्या तीन घरांत आधण चढायचं.

साल चौऱ्याहत्तर. मेव्हणा बाळासोनं साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमनची जागा धरून ठेवलेली. चिमणाबाईनं, म्हणजे हवालदाराच्या बायकोनं, खाकी कपड्यांना कांजीसुद्धा करून ठेवली होती. आणि हा गडी म्हणतो, मी प्लॉट विकणार!

"आवं, सतरा वर्षं उन्हात उभं ऱ्हायलासा," चिमणाबाई म्हणाली, "गेटवर बसायला खुर्ची देत्यात. मग काय दुखतंय?"

"खुर्चीत बसून राखू काय? उसाचा चोथा? आगं, शहर फुगाय लागलंय! राजारामपुरीत पाय ठेवायला जागा न्हाई. माणसं इकडंच येणार. मी त्यास्नी घरं मिळवून देणार!"

"तुमास्नी कोण इचारतंय?"

"देवाला इचारतो की! भैरोबा म्हणंल तसं!"

झालं. हवालदार भैरोबाच्या देवळात गेला. आकाराम गुरवानं रीतीप्रमाणं कौल लावायला देवाच्या छातीला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. नेमकी त्याच वेळी एक शेळी नैवेद्याकडं वळली. गुरव तिला हाकलायला मागं फिरला आणि फूल पडलं. हवालदारानं सॅल्यूट ठोकला.

"उजवं!"

त्या आवाजानं शेळी देवळाबाहेर, गुरव खांबाला, घंटा आपोआप वाजली. गुरवानं वळून बघितलं आणि त्याच्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला. देवाच्या उजव्या अंगाचं फूल होतं तिथंच होतं! पण हवालदारानं नारळ फोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवलेला, आणि आवाज अजून गाभाऱ्यात घुमत होता. गुरव म्हणाला, "व्हय, व्हय. बेस झालं."

मग हवालदाराला कोण धरणार! केरबा पाटलाच्या रानातली घरबांधणीची जागा विकायचं काम त्यानं अंगावर घेतलं. चुन्याच्या रेघा मारल्या, लाल निशाणं रोवली. निशाणं बघून पलीकडच्या शेतकऱ्यानं चार दिवस बैल बाहेर काढले नाहीत. त्याला वाटलं, इथं गोळीबाराचा सराव आहे.

महिना गेला. एक प्लॉट जाईना. बाळासोनं निरोप धाडला, जागा सोमवारपर्यंत राखतो, मग दुसरा माणूस घेणार. चिमणाबाईनं खाकी पँट खुंटीला टांगली आणि म्हणाली, "आईतवारी एका तरी प्लॉटचा इसार घिऊन या. न्हाईतर सोमवारी सकाळी पायात चढवा ही."

आईतवारी गिऱ्हाईक आलं. राजारामपुरीतला मीरासाब टेलर आणि त्याची बायको रोशनबी. बाकी आम्ही गल्लीतले पाचजण भडंग फुकट आहे म्हणून गेलतो. हवालदारानं सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. गिऱ्हाईकालासुद्धा!

"पावणं, पोट आत! जागा बघताना छाती बाहेर पायजे!"

मीरासाब बिचारा टेप गळ्यात घालून सावधानमध्ये उभा. रोशनबी मात्र खूश. "ह्यास्नी आमच्या घरात कुणी तरी असं उभं करायला पायजे हुतं," म्हणाली. तिला जागा आवडली होती. विहीर जवळ, समोर रस्ता. बावीस वर्षं भाड्याच्या खोलीत शिलाईचं मशीन आणि माणसं एकावर एक ठेवून काढलेली. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. मीरासाबचा हात खिशाकडं गेला. इसाराच्या नोटा बाहेर येणार, एवढ्यात पांदीतनं सायकल आली. पुढं आकाराम गुरव, मागं कॅरेजवर चिमणाबाई!

"थांबा!" चिमणाबाई उतरता उतरता ओरडली. "देवानं न्हाई म्हटलंय! मी आज पुजाऱ्याला खोदून इचारलं. कबूल झालाय त्यो!"

गुरवानं घाम पुसला. "हवालदार, माफी करा. फूल तुमच्या उजव्या हाताला पडलं. तुमी देवाकडं तोंड करून हुबा. म्हंजे देवाचं ते डावं. कौलात देवाचं उजवं धरत्यात."

हवालदाराचा चेहरा असा झाला की जणू पलटणीनं त्याचाच पाय तुडवला. ज्या माणसानं हजारो रंगरूटांना डावं-उजवं शिकवलं, त्याचंच डावं-उजवं चुकलं! आम्ही भडंग चघळायचं थांबवलं.

मीरासाबनं खिशातला हात रिकामा बाहेर काढला. "गुरवाचं बरोबर हाय. आमच्या धंद्यात पण तसंच. गिऱ्हाईक समोर हुबं ऱ्हातंय, पण उजवी बाही गिऱ्हाईकाचीच, शिंप्याची न्हवं. ज्याच्या अंगावर कापड, त्याचं उजवं. फूल देवाच्या अंगावर. गावच्या देवाच्या मनात नसताना पाया खणायचा, ते नको बाबा."

"झालं की मग!" चिमणाबाई म्हणाली. "चला घरला. पँटीला इस्त्री बी केल्या."

सतरा वर्षांत हवालदाराचा आवाज पहिल्यांदाच बंद पडलेला. तो आमच्या ओळीकडं बघत राहिला. आणि एकदम त्याच्या मिशा वर गेल्या.

"गुरव! ओळीत ये. उजव्या टोकाला."

"मी? मी कशाला..."

"ये म्हणतो न्हवं!"

गुरव धावत येऊन उभा राहिला. हवालदार आमच्यासमोर, तोंड आमच्याकडं. त्यानं श्वास घेतला. झाडावरचे पक्षी आधीच उडाले.

"पार्टी, दाहिने... मूड!"

आम्ही सगळे गर्रकन वळलो. रोशनबी वळली. डावखुरा मीरासाब आधी चुकला, मग बायकोकडं बघून वळला. आणि गुरव? सगळ्यांत कडक तोच वळला!

"कुठं वळलासा?"

"उजवीकडं."

"कुणाच्या उजवीकडं? माझ्या?"

गुरवानं मान वळवून बघितलं. तो वळला होता त्या बाजूला हवालदाराचा डावा हात होता. त्याचा जबडा हळूहळू खाली आला.

"सतरा वर्षं मी पलटणीसमोर तोंड करून हुकूम दिला!" हवालदार नाचायचाच बाकी होता. "दाहिने म्हटलं की ऐकणाऱ्याचं दाहिने! माझं न्हवं! भैरोबा समोर हुबा. हुकूम देणारा त्यो, ऐकणारा मी. मग उजवं कुणाचं?"

"पर बाही..." मीरासाब पुटपुटला.

"गप बसा वो!" रोशनबी कडाडली. "देवानं काय कोट शिवला व्हय? हुकूम दिलाय! काढा इसार."

मीरासाबनं इसार काढला. तिनंच तो हिसकून हवालदाराच्या हातावर ठेवला. आनंदाच्या भरात हवालदाराच्या तोंडातनं सवयीनं निघून गेलं, "पार्टी, तेज चल!"

आम्ही निघालो. डावा उजवा, डावा उजवा. हवालदार इसार कपाळाला लावून डोळे मिटून उभा. 'थम' म्हणायचं त्याच्या डोक्यातनंच गेलं. केरबा पाटलाच्या शेणखताच्या खड्ड्याशी रोशनबी आपल्या अकलेनं थांबली, म्हणून मागचे आम्ही वाचलो. गुरव सगळ्यांत पुढं होता. तो हुकुमाचा पक्का. गेला सरळ.

चिमणाबाईनं काठावरनं खाली बघितलं, मग नवऱ्याच्या हातातल्या नोटांकडं बघितलं. "बाळासोला सांगते," ती म्हणाली, "पँट त्यालाच हुईल."

गुरव मांडीएवढ्या खतात उभा होता. पण त्याला खताचं काही नव्हतं. त्याचे ओठ हलत होते. बोटं मोजत होती.

"हवालदार," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "उजवं जर इचारणाऱ्याचं असंल... तर तीस वर्षं मी गावाला समदे कौल उलटे सांगितले की वो. लग्नं. हिरी. पाटलाची इलेक्शन."

लांब गावाच्या बाजूनं दोन माणसं चालत येताना दिसत होती. गुरवानं त्यांच्याकडं बघितलं आणि हात वर केला.

"मला बी एक प्लॉट दाखवा," तो म्हणाला. "गावापासनं जितका लांब असंल तितका."