ओढ्यातून गेलेली रेघ

आमच्या गावात रविवारी सकाळी लोक खुर्च्या मांडून बसतात, माणसं पडताना बघायला. हे मी रागात लिहिते आहे. राग उतरेपर्यंत थांबावं असं मला वाटत नाही. उतरला की मीही इतरांसारखीच ‘चालायचंच’ म्हणायला लागेन.

चर्चकडून खाली येणारा आमचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेली झुडपं. शेवटचं वळण घेतलं की समोर एकदम पाणी. पूल नाही. रस्ता सरळ ओढ्यात उतरतो आणि पलीकडे वर निघतो. पाणी जेमतेम घोटाभर, पण खालच्या फरशीवर कायम शेवाळ असतं. गावातला सायकलवाला वळणाआधीच उतरतो आणि सायकल हातात धरून शेजारच्या, पायी जाण्यापुरत्या लाकडी साकवावरून पलीकडे जातो. साकव झाडांच्या फांद्यांआड आहे. बाहेरून आलेल्याला तो दिसतो, पण पाण्यात आडवं झाल्यावर.

आणि बाहेरचे लोक येतात ते माझ्या नवऱ्यामुळे. ग्रेगने दोन वर्षांपूर्वी गावातल्या पबसाठी सायकलचे पाच मार्ग आखून दिले. कुठे चढ, कुठे चांगला चहा, कुठे मेंढ्या रस्त्यावर येतात, सगळं हौसेने लिहिलं. लोक ते मार्ग फोनवर उतरवून घेतात, हँडलवरच्या डबीएवढ्या यंत्रात भरतात आणि पडद्यावरच्या निळ्या रेघेमागे निघतात. तिसऱ्या मार्गाची रेघ ओढ्यातून जाते. पब ओढ्याच्या समोरच आहे.

पबच्या बाकावर मधली जागा बर्नार्डची. तो निवृत्त शाळामास्तर, गावातली सगळी पोरं त्याला आजोबा म्हणतात. कोणी पडलं की तो दहापैकी गुण देतो. पडणाऱ्याने हात कसे पसरले, पाणी किती उडालं, तोंडातून शिवी आली की नाही, असे त्याचे निकष आहेत. लॉरेन, पबची मालकीण, भिजलेल्यांना टॉवेल देते आणि मग त्यांना बेकन सँडविच विकते. तीही वाईट बाई नाही. यांतलं कोणीच वाईट नाही, आणि माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच.

मेमधल्या एका रविवारी मी सहा महिन्यांच्या आयव्होला छातीशी बांधून दूध आणायला निघाले होते. सात वर्षांची टिल्डा मैत्रिणीबरोबर पुढे पळाली होती. तेवढ्यात वळणावरून एक बाई आली. साठीच्या पुढची, पिवळं जाकीट, एकटीच. यंत्राकडे बघत, ब्रेकवर बोटं ठेवून, जपून येत होती. जपून येणारेच जास्त जोरात पडतात, कारण ते फरशीवर ब्रेक दाबतात. पुढचं चाक बाजूला गेलं आणि ती खांद्यावर आपटली.

बाकावरून नेहमीचा “ओऽऽऽ” आला, टाळ्या आल्या. आणि त्यावरून एक बारीक आवाज आला, “नऊ!”

कोणाचं कार्टं हे, म्हणून मी मान वळवली. माझंच होतं. टिल्डा बर्नार्डशेजारी बाकावर उभी, दोन्ही हातांची बोटं वर, तोंडात चिप्स.

मी बुटांसकट पाण्यात गेले. बाईचा हात विचित्र लोंबत होता, हनुवटी फुटली होती. आणि ती काय म्हणत होती? “माफ करा हं. माफ करा. तुमची सकाळ उगाच खराब केली.”

“तुम्ही नका माफी मागू,” मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की आयव्हो रडायला लागला आणि तिने त्याचीही माफी मागितली.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत लॉरेनने तिला पांघरूण दिलं, गोड चहा दिला, तिच्या लेकीला फोन लावून दिला. मी तशीच निथळत बाकापाशी गेले.

“बर्नार्ड, हाड मोडलंय तिचं.”

“अरेरे,” तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा. आणि लगेच, “पण तुझी पोरगी भलतीच उदार आहे हं इमोजन. मी सातच देणार होतो.”

बाक हसला. टिल्डाही हसली. मी तिला दंडाला धरून घरी आणलं. रस्ताभर ती म्हणत होती, “पण सगळेच करतात ना, आई!”

मला पोरं पडण्याची भीती वाटते, हे लपवून काय करू? मी जिन्याला फाटक लावते, आंघोळीच्या पाण्यात कोपर घालून बघते. पण पोरगी वर काठावर उभी राहून बोटं दाखवील, ही भीती मला कधी सुचलीच नव्हती.

ग्रेग दुपारी आला, चिखलाने माखलेला आणि खूश. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, “ती रेघ आजच्या आज हलव.”

“कुठे हलवू? वरून नेली तर सगळी टेकडी चढावी लागते. लोक शिव्या देतील.”

“देऊ देत.”

“अगं, ओढा हीच तर त्या फेरीची गंमत आहे. अन् माणसाने डोळे उघडे ठेवून चालवावं की यंत्राकडे बघत?”

“तू तिला रेघ दिलीस, ग्रेग. ती तुझ्यावर विश्वास ठेवून आली.”

“तुला सगळीकडे मरणच दिसतं. द्राक्षंसुद्धा घशात अडकतील म्हणून उभी चिरून देतेस पोरांना.”

“हो, देते. आणि तुझी पोरगी मोडलेल्या हाडाला नऊ गुण देते.”

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मग म्हणाला, “पुढच्या रविवारी सायकल क्लबची फेरी आहे, तीस जण येणार आहेत. ती होऊ दे. मग बघू.”

सोमवारी मी ग्रामपंचायतीच्या चिटणीस बाईंना गाठलं. निदान एक पाटी तरी लावा म्हटलं, ‘पुढे शेवाळ, साकवावरून जा’ एवढीच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “पाटी लावली ना, की आपल्याला धोका माहीत होता असं होतं. मग कोणी पडलं की भरपाई आपल्याकडे मागतात.”

“मग आपल्याला माहीत नाही का?”

“अधिकृतरीत्या नाही, राणी.”

आठवडाभर मी रोज विचारलं आणि ग्रेग रोज ‘बघू’ म्हणाला. रविवारी तो सकाळी क्लबच्या लोकांना आणायला स्टेशनकडे गेला. मी दोन्ही पोरांना गाडीत घातलं आणि गाडी वळणाच्या बरीच वर, जिथून लांबचं दिसतं तिथे, रस्त्यात आडवी लावली. चारी दिवे लुकलुकत ठेवले. बाजूला सायकल हातात धरून जाण्याएवढी जागा सोडली, चालवत जाण्याएवढी नाही. येईल त्याला काच खाली करून सांगत होते, “पुढे निसरडं आहे, उतरा आणि डावीकडच्या साकवावरून जा.” बहुतेक जण आभार मानत होते. एकाने मला वेडी म्हटलं, पण उतरला.

थोड्या वेळाने एप्रनमध्येच लॉरेन वर आली. “इमोजन, राणी, गाडी बंद पडली का?”

“नाही.”

“मग काढ ना बाजूला. आज तीस जणांचं खाणं करून ठेवलंय मी.”

“खातील की. कोरडे आले म्हणून काय उपाशी राहणार आहेत?”

“सगळे काय म्हणतायत माहितीये? तुला बाळंतपणानंतर जड जातंय म्हणून.”

“सगळ्यांना सांग, जड जातंय. गाडी इथेच राहील.”

मागच्या सीटवर टिल्डा मैत्रिणींना दिसू नये म्हणून पार खाली घसरली होती.

मग क्लब आला. रंगीबेरंगी जाकिटं, सगळ्यांच्या पुढे ग्रेग. गाडी ओळखून त्याने ब्रेक दाबला आणि मागचे एकमेकांवर आदळता आदळता थांबले.

तो खिडकीशी वाकला. चेहरा लाल. “इमोजन, काय तमाशा मांडलायस? गाडी काढ.”

“आधी रेघ काढ.”

“इथे? आत्ता?”

“फोन तुझ्या खिशात आहे. मी बघते, तू कर.”

“घरी बोलू आपण.”

“घरी आठवडाभर बोललो.”

मागून एक जाड आवाज आला, “काय झालं ग्रेग? बायको की पंक्चर?” बरेच जण हसले.

मी दार उघडून खाली उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. गेल्या रविवारी खाली एका बाईचं हाड मोडलं. खाली बाकावर लोक तुम्ही पडायची वाट बघत बसलेत. आणि ज्याने ही रेघ काढली तो स्वतः तिथे कधीच सायकलवरून जात नाही, उतरून साकवावरून जातो.

हसू थांबलं. जाड आवाजाच्या माणसाने ग्रेगला विचारलं, “खरं का रे?”

ग्रेग हँडलवरच्या यंत्राची बटणं चाळवायला लागला.

“म्हणजे तू उतरणार होतास आणि आम्हाला पुढे सोडणार होतास?”

“अरे, गंमत म्हणून...”

“माझी लेक आहे मागे,” तो माणूस म्हणाला. त्याने हेल्मेट काढलं आणि ग्रेगकडे नुसता बघत उभा राहिला.

ग्रेगने हातमोजा दातांनी ओढून काढला, फोन काढला. बराच वेळ बोटं चालवली. मग पडदा माझ्या तोंडासमोर धरला. रेघ आता चर्चपाशी वळून टेकडीवर चढत होती.

“झालं समाधान?”

“नाही,” मी म्हटलं. आणि ते खरं होतं. हे त्याने माझ्यासाठी केलं नव्हतं, त्या पडलेल्या बाईसाठी तर नाहीच. तीस जण बघत होते म्हणून केलं होतं.

मी गाडी बाजूला घेतली. सगळे उतरून सायकली हातात धरून खाली गेले, ग्रेग सगळ्यांत शेवटी, एकटा. बाकावरून आज काहीच आवाज आला नाही.

“आता शाळेत सगळे मला हसणार,” टिल्डा रडत म्हणाली. “तू मला मुळीच आवडत नाहीस.”

“नको आवडू,” मी म्हटलं. “सीटवर नीट बस. त्या पडलेल्या बाई ऑपरेशनमुळे अजून हॉस्पिटलमध्येच आहेत. आपण त्यांना बघायला जातोय, आणि बोलायचं तुला आहे.”