मधुकररावांच्या खिशातला चाकू

मधुकररावांनी कुहीला सोयऱ्यांच्या घरी एक पेरू कापला आणि पोराचं जुळत आलेलं लग्न मोडलं. ते आपल्यामुळे मोडलं हे कळायला त्यांना पंधरा दिवस लागले, आणि कळल्यावर त्यांनी ते आणखी महिनाभर पोटात ठेवलं. माणूस वाईट नाही. भित्रा आहे, एवढंच.

नागपूरच्या तांडापेठेत त्यांना चाकूवाले धकाते म्हणतात. परक्याने ऐकलं तर त्याला वाटावं, हा कुणी दादा असेल. दादा कसला! घरात कोंबडी कापायची म्हटली की हा गृहस्थ चौकात जाऊन उभा राहतो. लहानपणी बापाबरोबर हातमागावर बसायचे, तेव्हा सुताची टोकं कापायला बापाने एक घडीचा चाकू दिला होता. पुढे माग गेला, मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली, मधुकरराव लकडगंजात लाकडाच्या टालावर कामाला लागले आणि तिथून म्हातारे होऊन घरी आले. खिशात चाकू ठेवायची सवय मात्र गेली नाही. सवयीचा शौक झाला. एक पारशिवनीच्या लोहाराकडून मुद्दाम करून घेतलेला, एक रामटेकच्या जत्रेतला, एक जुन्या बाजारात गंजका मिळाला म्हणून आठ दिवस घासून उजळवलेला, असे चाळीसेक चाकू त्यांच्या पत्र्याच्या पेटीत चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले असतात. सगळे घडीचे, बोटभर पात्याचे. आंघोळ झाली की पेटी उघडायची, आज कुणाची पाळी ते बघायचं, मुठीच्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायचा आणि चाकू सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मग दिवसभर कुणाचं ऑनलाइन आलेलं पार्सल फोड, कुणाची सुतळी काप, कुणाच्या पोराची पेन्सिल तास. गल्लीला त्याची इतकी सवय की पार्सलवाला निघून जायच्या आत मधुकररावांना हाक जाते.

गल्लीतले नवरदेवही त्यांच्याकडेच येतात. हळद लागलेल्या अंगाला वाईट वारं लागू नये म्हणून नवरदेवाने हाती लोखंड ठेवायचं, टोकाला लिंबू खोचायचं, ही तिकडची रीत. त्यासाठी शिसमाच्या मुठीचा एक चाकू त्यांनी वेगळा काढला होता. तो या मांडवातून त्या मांडवात फिरायचा आणि परत यायचा. पितळी मुठीचा एक मात्र त्यांनी कधी कुणाला दिला नाही. तो वैभवसाठी होता. वैभव म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. सदतीस पूर्ण, टाइल्सच्या दुकानात नोकरी, डोक्यावरचे केस निम्मे उडालेले. आई, अनुसयाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. घरात दोन पुरुष आणि एक गॅस. किती मुली बघून झाल्या याचा हिशेब ठेवणं स्थळं आणणाऱ्या त्याच्या देवरावमामानेही सोडून दिलं होतं. आणि पोराचं घर बसलेलं बघावं, याखेरीज मधुकररावांना आता काही नको होतं.

दिवाळीनंतर देवरावमामाने कुहीचं स्थळ आणलं. मुलीचं नाव भूमिका, वय बत्तीस, तिथल्याच औषधांच्या दुकानात कामाला. मुलगी बघायला गेले तेव्हा दोघांना मागच्या पडवीत बोलायला बसवलं. दहा मिनिटं म्हणून बसली ती अर्धा तास उठेनात. आतून हसण्याचा आवाज आला. वैभवचा! मधुकररावांनी मुलाचं हसणं इतके दिवस ऐकलं नव्हतं की आधी ते कुणाचं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मग त्यांना भडभडून आलं.

तेवढ्यात घरच्या झाडाचे पेरू ताटात आले. मुलीची आई सुनेला म्हणाली, "विळी आण वं आतून."

"राहू द्या नं," मधुकरराव म्हणाले, "मायाजवळ आहे."

शकुनाचा म्हणून त्या दिवशी त्यांनी पितळी मुठीचा चाकू घेतला होता. खिशातून काढला, अंगठ्याने खटका दाबला, पातं खट्‌कन उघडलं. मुलीचा मोठा भाऊ रोहित खुर्चीत मागे सरकला. मधुकररावांनी पेरूच्या एकसारख्या फोडी केल्या, त्यावर मीठ भुरभुरलं आणि ताट पुढे सारलं. कुणीच घेतलं नाही. माणसं संकोची आहेत असं समजून त्यांनी स्वतःच चार फोडी खाल्ल्या. आनंदात माणसाला काही दिसत नाही, तसं त्यांचं झालं.

चार दिवसांनी निरोप आला, मुलीकडच्यांचा विचार नाही. कारण काही नाही. वैभव म्हणाला, "केसांचं असंन." आणि डबा घेऊन दुकानात गेला.

पंधराव्या दिवशी देवराव आला. घरात न येता त्याने मधुकररावांना चौकातल्या चहाच्या टपरीवर नेलं.

"भाऊजी, एक गोष्ट विचारू? तुमी तिथं चाकू काहून काढला?"

"पेरू कापाले."

"पेरू कापाले विळी येऊन राहिली होती नं! ते कुहीचे लोक. रोज पेपरात वाचतात, नागपुरात याले भोसकलं, त्याले भोसकलं. रोहित म्हणे, ज्याचा बाप पाहुणपणाले खिशात चाकू घेऊन येते, त्या घरात आमी पोरगी देत नाही."

मधुकररावांनी चहा तसाच खाली ठेवला. ते समजावून सांगायला पुन्हा कुहीला जायला निघाले. देवरावने अडवलं, आता ते लोक दारात उभं करणार नाहीत म्हणाला. तेव्हा मधुकरराव त्याला एवढंच म्हणाले, "वैभवले सांगू नको गा."

पुढचा महिना फार वाईट गेला. वैभव रोज सकाळी डोक्याला कांद्याचा रस चोळू लागला. घरभर वास. दुकानाच्या मालकाकडे त्याने पगारवाढ मागितली आणि नाही ऐकून आला. स्टुडिओत जाऊन भाड्याच्या कोटात नवा फोटो काढला आणि तो बघत बसला. एकदा भाकरी मोडता मोडता सहज म्हणाला, "माया चेहराच तसा आहे बाबा. पोरीले दोष काय द्याचा." त्या वेळी बोलायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आलाही होता. पण मधुकररावांनी पाण्याचा गडू उचलला आणि घटाघटा पाणी प्यायले. सदतीस वर्षांच्या पोराने आपला तिरस्कार केला तर उरलेलं आयुष्य कुणाच्या तोंडाकडे बघून काढायचं, ही भीती. तिच्यापायी पोर स्वतःलाच खात होतं आणि बाप बघत होता. याला माफी नाही, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

त्यांनी चाकू घेणं बंद केलं. मोकळ्या खिशाने बाहेर पडले की हात आपोआप खिशाकडे जायचा आणि चटका बसल्यासारखा मागे यायचा. तिसऱ्या दिवशी ते फाटकापर्यंत पोचले असतील, वैभव मागून धावत आला.

"बाबा, चाकू घरीच राहिला नं तुमचा!"

त्याने स्वतः पेटी उघडून एक निवडून आणला होता, पुसूनही आणला होता. तो त्याने बापाच्या खिशात टाकला आणि खिशावर हलकेच थापटलं. मधुकररावांना तोंड वर करवलं नाही.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी देवरावचा फोन आला. भूमिकाचं उमरेडला जमलं, पुढच्या पंधरवड्यात लग्न. वैभव अंगणात मोटरसायकल धूत होता. मधुकरराव बाहेर आले, पायरीवर बसले.

"भूमिकाचं उमरेडले जमलं," ते म्हणाले.

"हो का. चांगलं झालं." वैभव चाकावर पाणी मारत राहिला.

"बेटा, ते लग्न मायामुळं मोडलं. तुया केसांमुळं नाही, पगारामुळं नाही. म्या तिथं पेरू कापाले चाकू काढला, ते लोक भेले. मले महिना झाला माहीत होऊन. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

इतकं बोलून ते वाट बघत राहिले. ओरडला असता तरी बरं झालं असतं. वैभवने नळ बंद केला.

"मले माहीत होतं बाबा."

"मामानं सांगितलं?"

"नाही. भूमिकाचा फोन आला होता, निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. ते पोरगी म्हणे, तुमचे बाबा साधे आहेत, मले समजलं. पण घरचे ऐकून नाही राहिले. बाबांनी ते चाकू देऊन टाकले, पेटी घरातून गेली, तर मी दादाले मनवीन. एकदा बाबांले विचारून पाहा."

"मंग?"

"मी नाही म्हटलं."

"काहून?" मधुकररावांनी विचारलं.

"आई गेली तवा तेरवी झाली तरी तुमी कोणाशी बोलले नाही. जेवण नाही, आंघोळ नाही. मले वाटलं, तुमी पण चालले. मंग एक दिवस सकाळी तुमी पेटी उघडली, सारे चाकू काढून पुसत बसले आन मले म्हटलं, चहा मांड. तवाच मी ठरवलं, या पेटीले कोणाले हात लावू द्याचा नाही. दुसरं आहे काय तुमच्याजवळ?"

"एका शब्दानं विचाराचं होतं रे मले. सारे चाकू पेटीसकट तलावात टाकून आलो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं," वैभव म्हणाला. "कांद्याचा रस तर उगीच लावत होतो. तुमाले वाटावं, मले काही माहीत नाही."

तो बादली उचलून आत गेला. मधुकरराव पायरीवरच बसून राहिले. त्यांना तो दिवस आठवत होता, अनुसया गेल्यानंतरचा. त्या सकाळी त्यांना चाकू नको होते, चहाही नको होता. काहीच नको होतं. पण शेवटचे तीन दिवस पोरगंही उपाशी त्यांच्या उशाशी बसलं होतं, बाप उठल्याशिवाय ते घास घेणार नाही हे दिसत होतं, म्हणून ते उठले आणि हाताला लागली ती पेटी उघडली. पोराने दोन घास खावेत, एवढ्यासाठी त्यांनी चाळीस चाकू पुसले होते. आता हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? उमरेडला पत्रिका छापून झाल्या होत्या.

आतून वैभवने विचारलं, "चहा मांडू का बाबा?"

"मांड," मधुकरराव म्हणाले.